पावतीवर भलत्याच गाडीचं वजन: डेटा रेस शोधायची कशी

मागच्या सोयाबीनच्या सीझनला देवास रोडवरच्या एका धर्मकाट्यावरून सकाळी साडेआठला फोन आला, मी नुकते पोहे घेऊन बसलो होतो. काटेवाले काका म्हणाले, "अरे, ट्रॉली उभी आहे सहा टनाची आणि पावती निघाली चोवीस टनाची. स्क्रीनवर तर बरोबर दाखवून राहिलाय, मग कागदावर कसं काय येतं?" आमच्या छोट्याशा टीमनेच ते सॉफ्टवेअर केलेलं, त्यामुळे उत्तर आम्हालाच द्यायचं होतं. चोवीस टन हे आधीच्या ट्रकचं वजन होतं. सहाच्या जागी चोवीस आलं म्हणून निदान काकांच्या नजरेत तरी भरलं, पण दोन सारखेच ट्रक पाठोपाठ आले असते आणि दोनशे किलोचा फरक पडला असता तर कोणाच्याच लक्षात आलं नसतं, आणि तो पैसा शेतकऱ्याच्या खिशातून गेला असता. ही गोष्ट मला फार लागली, म्हणून तेव्हापासून जे शिकलो ते नीट लिहून काढतोय. प्रोग्रामात एकापेक्षा जास्त थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं, असतील तर हे कधी ना कधी तुमच्या समोर येणारच.

आधी डेटा रेस म्हणजे नक्की काय ते. आमच्या लोकमान्य नगरच्या गणपतीच्या वर्गणीची वही डोळ्यासमोर आणा. वहीत एकूण ४२०० लिहिलंय. एकाने आकडा वाचला, तो मनात धरून ५०० ची पावती फाडायला वळला, तेवढ्यात दुसऱ्याने पण ४२०० च वाचला, त्याचे ३०० मिळवून ४५०० लिहिले, आणि मग पहिल्याने येऊन त्याच्यावर ४७०० लिहिले. पैसे डब्यात ५००० आहेत, वही म्हणते ४७००. दोघांपैकी कोणीही बेरीज चुकला नाही. प्रोग्राममध्ये काउंटर एकने वाढवायची ती एकच ओळ आतून अशीच तीन कामं करते: मेमरीतून वाच, एक मिळव, परत लिही. दोन थ्रेड एकाच जागेला हात लावतात, त्यातला निदान एक लिहितोय, आणि कोण आधी कोण नंतर हे ठरवणारं मध्ये काहीच नाही, ना लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) ना अटॉमिक (मध्ये कोणी शिरू शकणार नाही असं एका दमात होणारं वाचणं-लिहिणं), तर झाली डेटा रेस. सी प्लस प्लसमध्ये २०११ च्या स्टँडर्डपासून याला सरळ अनडिफाइन्ड बिहेव्हिअर म्हटलंय, म्हणजे त्या प्रोग्रामने पुढे काय करावं याची भाषा कसलीच हमी देत नाही.

आणि इथेच बरेच जण फसतात. दोन थ्रेड, दोघांनी एकेक लाख वेळा काउंटर वाढवायचा, उत्तर दोन लाख यायला हवं. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरने (कोडवरून मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्याने) कोड वेगवान करणं, बंद ठेवून चालवा, बहुतेक वेळा कमीच येईल आणि दर वेळी वेगळं येईल. आता ओ-टू, म्हणजे जास्त ऑप्टिमायझेशनचा फ्लॅग, लावून चालवा, पुष्कळदा बरोब्बर दोन लाख येतं! कारण कंपायलर पूर्ण लूप गुंडाळून एकदम एक लाख मिळवून टाकतो, मग थ्रेड एकमेकांत सापडायला वेळच उरत नाही. रेस मात्र जिथल्या तिथेच आहे. म्हणून बरोबर उत्तर आलं हा पुरावा धरूच नका. तसंच चुकलेला आकडा घेऊन त्याच्या मागे उलटं पळत सुटू नका, तुम्हाला शोधायच्या आहेत दोन ओळी, ज्यांच्यात क्रम ठरलेला नाहीये. मी पहिले तीन दिवस आकड्याच्या मागे घालवले, पोर्टवरून येणारे बाइट तपासले, प्रिंटरचा ड्रायव्हर बदलला, काट्याच्या इंडिकेटरची (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याची) केबल सुद्धा बदलून झाली.

आमच्या प्रोग्रामची रचना सांगतो म्हणजे पुढचं समजेल. एक थ्रेड सिरियल पोर्टवरून इंडिकेटरचं वजन वाचतो, सेकंदाला बरेचदा. दुसरा स्क्रीन सांभाळतो, ऑपरेटर त्यात गाडी नंबर टाकतो. तिसरा पावती छापतो आणि डेटाबेसमध्ये नोंद करतो. मधोमध एक ग्लोबल स्ट्रक्ट, म्हणजे सगळ्या थ्रेडांना दिसणारा माहितीचा एक गठ्ठा, होतं: वजन, वजन स्थिर झालं का याचा एक बूल (खरं किंवा खोटं), गाडी नंबर, आणि वेळ. तिघेही त्याच्यात थेट हात घालून राहिले होते, लॉक एकही नाही. पावतीचा थ्रेड "स्थिर" खरं आहे का बघायचा आणि मग वजन उचलायचा. आधीचा ट्रक उतरला, ट्रॉली चढली, आणि त्या मधल्या फटीत जुना "स्थिर" आणि जुनं वजन उचललं गेलं की झालं.

पहिलं काम म्हणजे काट्यावर उभं राहून बग पकडायचा नाद सोडा. महिन्यातून दोनदा होणारी गोष्ट तुमच्या समोर होणार नाही, आणि झाली तरी कळणार नाही का झाली. आणि प्रिंटची ओळ घालून बघायचा मोह होतोच, मलाही झाला, पण प्रिंट करणारं फंक्शन स्वतः आतमध्ये लॉक घेतं आणि वेळ पण खातं, त्यामुळे थ्रेडांचा ताल बदलतो आणि बग गायब होतो. ओळ काढली की परत हजर. डीबगरमध्ये थांबवून बघण्याचंही तेच. तुमच्या प्रोग्राममध्ये एक लॉग लाइन घातल्यावर प्रॉब्लेम जात असेल तर तिथेच रेसचा संशय घ्या, आणि ती लॉग लाइन हा इलाज समजून सोडून देऊ नका.

मी केलं ते असं. काट्यावरून दहा मिनिटांचा खरा सिरियल डेटा फाइलमध्ये रेकॉर्ड करून आणला, त्यात सात गाड्या चढल्या-उतरल्या होत्या. ऑफिसमध्ये लिनक्स मशीनवर सोकॅट नावाचं टूल वापरून खोट्या पोर्टची जोडी बनवली, एका टोकाला रेकॉर्डिंग सोडायचं, दुसऱ्या टोकाला आपला प्रोग्राम. मग पावतीचं बटण एक छोटी स्क्रिप्ट सतत दाबत राहते. हे एकदा जमलं की अर्धी लढाई झाली, कारण आता रात्रभर चालवता येतं. काट्यावरचा पीसी विंडोजवर होता आणि थ्रेडसॅनिटायझर (रेस शोधणारं हत्यार, पुढे सांगतो) विंडोजवर चालत नाही, त्यामुळे स्क्रीनचा भाग बाजूला काढून मधला गाभा लिनक्सवर कंपाइल होईल असा वेगळा करावा लागला. दोन दिवस गेले त्यात, पण ते दोन दिवस आधीच दिले असते तर केबल तरी वाचली असती.

आता मुख्य हत्यार. थ्रेडसॅनिटायझर, लोक टीसॅन म्हणतात, क्लँग आणि जीसीसी या दोन्ही कंपायलरांमध्ये येतो, जीसीसीत ४.८ पासून म्हणजे २०१३ पासून आहे. कंपाइल आणि लिंक दोन्ही वेळेला "एफसॅनिटाइझ इक्वल टू थ्रेड" हा फ्लॅग द्यायचा, फक्त कंपाइलला देऊन विसरलात तर लिंक करताना एररांचा ढीग येईल. सोबत जी फ्लॅग द्या म्हणजे रिपोर्टमध्ये ओळ नंबर दिसतील, आणि ओ-वन, म्हणजे फारच हळू होणार नाही. तरीसुद्धा प्रोग्राम साधारण ५ ते १५ पट हळू चालतो आणि मेमरी ५ ते १० पट खातो, त्यामुळे क्लायंटच्या मशीनवर हा बिल्ड टाकायचा नाही. ॲड्रेससॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा) आणि हा एकाच बिल्डमध्ये चालत नाहीत, दोन वेगळे बिल्ड ठेवा. नव्या लिनक्स कर्नलवर कधीकधी सुरू होतानाच "अनएक्स्पेक्टेड मेमरी मॅपिंग" म्हणून मरतो, तिथे घाबरू नका, कर्नलची ॲड्रेस रँडमायझेशन (मेमरीचे पत्ते दर वेळी बदलणं) जास्त बिटांची झाल्यामुळे होतं ते. सिस्कंट्रोलमध्ये (कर्नलची सेटिंग बदलायची कमांड) व्हीएमच्या एममॅप रँड बिट्सची किंमत २८ करा, सुरू होईल.

टीसॅन काय करतो हे थोडं समजून घेतलं तर रिपोर्टवर विश्वास बसतो. प्रत्येक मेमरी वाचण्या-लिहिण्यापाशी तो आपला एक छोटा हिशोब घालतो, कोणत्या थ्रेडने कधी हात लावला, आणि लॉक घेणं-सोडणं, थ्रेड सुरू होणं, जॉइन होणं यावरून "हे त्याच्या आधी झालं" असं नातं जोडतो. ही आधी-नंतरची कल्पना लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या १९७८ च्या पेपरमधली आहे. दोन ॲक्सेसमध्ये असं नातं जोडता आलं नाही की तक्रार. म्हणजे दोन्ही थ्रेड त्या क्षणी खरोखर एकमेकांवर आदळायची गरज नाही, पावतीवर चुकीचं वजन यायची पण गरज नाही. पण जी ओळ चाललीच नाही तिच्याबद्दल तो काही सांगू शकत नाही. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये गाडी रद्द करणे, दोनदा पावती, पेपर संपला असे सगळे प्रसंग घालावे लागतात.

आमच्याकडे चालवल्यावर वीस सेकंदांत पहिला रिपोर्ट आला. वरती "डेटा रेस" अशी वॉर्निंग. मग "रीड ऑफ साइझ ४", थ्रेड टी३, खाली पावती फाइलची ओळ. मग "प्रीव्हियस राइट ऑफ साइझ ४", थ्रेड टी१, खाली पोर्ट वाचणाऱ्या फाइलची ओळ. त्याच्याखाली लोकेशन, की ही जागा अमुक ग्लोबल आहे, आणि शेवटी टी१ आणि टी३ कुठल्या ओळीवर सुरू झाले. तीन दिवस जे शोधत होतो ते दोन ओळींत समोर होतं, हात थांबलेच माझे. वाचताना मी आधी लोकेशन बघतो, ही जागा कोणती. मग दोन्ही स्टॅकमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) वरून खाली येत आपल्या स्वतःच्या कोडची पहिली ओळ बघतो, कारण सगळ्यात वर पुष्कळदा लायब्ररीचं आतलं काहीतरी असतं. मग थ्रेडच्या पुढे कंसात म्युटेक्सची (म्हणजे लॉकचीच) नावं आहेत का ते बघतो, हे फार जण बघत नाहीत. एका बाजूला एम० आणि दुसऱ्या बाजूला एम१ असेल तर दोघांनी लॉक घेतलाय पण वेगवेगळा, एका खोलीला दोन दरवाजे आणि प्रत्येकाने आपापल्या दाराला कुलूप लावलंय. एका बाजूलाच असेल तर दुसरा विसरलाय. दुसरा स्टॅक रिस्टोर करता आला नाही असं आलं तर टीसॅनच्या ऑप्शन्समध्ये हिस्टरी साइझ वाढवून परत चालवा. आणि "ॲज इफ सिंक्रोनाइज्ड व्हाया स्लीप" असं दिसलं तर समजा की कोणीतरी स्लीप (थोडा वेळ थांबायची आज्ञा) घालून क्रम लावायचा प्रयत्न केलाय, आमच्यात होता, दोनशे मिलिसेकंदाचा, मीच कधीतरी घातलेला.

दुसरा रिपोर्ट जास्त वाईट होता. गाडी नंबर स्ट्रिंग (अक्षरांची माळ) होती. स्क्रीनचा थ्रेड नवा नंबर लिहितोय आणि पावतीचा थ्रेड त्याच वेळी कॉपी करतोय, आणि स्ट्रिंग मोठी झाली की आतली जुनी मेमरी सोडून नवी घेते, कॉपी करणारा सोडलेल्या मेमरीत वाचत राहतो. काट्यावर दीड-दोन महिन्यांतून एकदा प्रोग्राम बंद पडायचा आणि सगळे म्हणायचे लाइटचा झटका आला असेल. लाइटचा नव्हता तो.

आता दुरुस्ती, आणि इथे घाई केली की काम वाढतं. व्हेरिएबलच्या पुढे व्होलटाइल हा शब्द लावून सी प्लस प्लसमध्ये काही होत नाही, ते हार्डवेअर रजिस्टरसाठी आहे, थ्रेडांमध्ये क्रम लावत नाही. (जावामध्ये व्होलटाइलचा अर्थ वेगळा आहे, तिथे ते क्रम लावतं, त्यामुळे जावातून आलेली मुलं हमखास गोंधळतात.) आमच्याकडचा एक ज्युनियर म्हणाला, "दादा, सगळे मेंबर अटॉमिक करून टाकू ना." वजन अटॉमिक, स्थिर अटॉमिक, नंबरभोवती लॉक. केलं, टीसॅन एकदम शांत झाला. आणि रात्री रेकॉर्डिंगवर परत एक पावती चुकीची निघाली. कारण प्रत्येक मेंबर वेगवेगळा सुरक्षित होता, पण "स्थिर आहे का बघ" आणि "वजन उचल" या दोघांच्या मध्ये गाडी बदलू शकत होती. ही डेटा रेस नाही, ही रेस कंडिशन, आणि टीसॅन ही पकडत नाही कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक ॲक्सेसला क्रम आहे. हा फरक पाठच करून ठेवा. वर्गणीच्या वहीला कुलूप लावलं, पण वाचताना उघडलं-बंद केलं आणि लिहिताना परत उघडलं-बंद केलं, तर ४७०० च येणार.

बरोबर इलाज असा निघाला की वजन, स्थिर, नंबर, वेळ हे चारही एकाच गोष्टीचे भाग आहेत, तर त्यांना एकच लॉक आणि वाचायचं तर चारही एकदम. एक फंक्शन केलं, लॉक घे, पूर्ण स्ट्रक्टची कॉपी काढ, लॉक सोड, कॉपी दे. पावती त्या कॉपीवरूनच छापायची, परत मूळ स्ट्रक्टकडे बघायचंच नाही. गाडी काट्यावरून उतरली की वजन, स्थिर आणि नंबर तिन्ही एकाच लॉकमध्ये पुसायचे. लॉक धरून प्रिंट करायचं नाही हे पण लक्षात ठेवा, डॉट मॅट्रिक्सला एक पावती काढायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ पोर्टचा थ्रेड लॉकची वाट बघत अडकला तर बफर भरून वजनच चुकायला लागेल, म्हणजे एक बग काढून दुसरा घातला. मग ते ग्लोबल स्ट्रक्ट क्लासच्या आत प्रायव्हेट केलं, कोणी चुकूनही थेट हात घालू शकू नये म्हणून. क्लँगमध्ये "गार्डेड बाय" म्हणून खूण लावता येते, हे मेंबर या म्युटेक्सच्या ताब्यात आहे अशी, आणि थ्रेड सेफ्टीची वॉर्निंग चालू केली की लॉक न घेता हात लावला तर कंपाइल करतानाच ओरडतो. मला हे टीसॅनपेक्षाही आवडतं, कारण ओळ चालायची वाट बघावी लागत नाही.

टीसॅन लावताच येत नसेल, म्हणजे प्रोग्राम परत कंपाइल करायची सोयच नसेल, तर व्हॅलग्राइंडमधलं हेलग्राइंड किंवा डीआरडी बायनरीवर थेट चालवता येतं. खूप हळू आहे, आणि व्हॅलग्राइंड एका वेळी एकच थ्रेड पळवतो, पण लॉक नसलेली जागा दाखवतो. गो लिहिणाऱ्यांना सोपं आहे, १.१ व्हर्जनपासून रेस डिटेक्टर आतच आहे, टेस्ट चालवताना रेस फ्लॅग द्यायचा, आत टीसॅनच आहे. रस्टमध्ये सेफ कोडमध्ये डेटा रेस कंपाइलरच होऊ देत नाही, पण वर सांगितलेली रेस कंडिशन तिथेही होतेच.

काही जण म्हणतात आमचं तर पाच वर्षं चाललंय, कशाला छेडायचं. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवर मेमरीत लिहिण्याचा क्रम बराच कडक पाळला जातो, एआरएमवर तो ढिला आहे, त्यामुळे तोच कोड फोनवर किंवा एआरएमच्या बोर्डवर नेला की आधी "स्थिर" दिसतो आणि वजन मागून येतं. मशीन तीच ठेवून नुसता कंपायलर बदलला तरी होतं, "स्थिर होईपर्यंत फिरत राहा" असा साधा बूलवरचा लूप ओ-टूमध्ये कंपायलर एकदाच वाचून कायमचा फिरवत ठेवू शकतो. आणि याचे परिणाम कुठवर जातात ते बघायचं तर १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका-कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची लाइट गेली, त्यात ओहायोतल्या कंट्रोल रूमची अलार्म सिस्टीम एका रेस कंडिशनमुळे गप्प झाली होती आणि ऑपरेटरना तासाभरापेक्षा जास्त वेळ कळलंच नाही. थेरॅक-२५ या रेडिएशन मशीनच्या १९८५ ते १९८७ मधल्या सहा अपघातांमागे पण सॉफ्टवेअरमधली अशी रेस एक कारण होती, माणसं गेली त्यात. त्या मानाने आमचा काटा छोटा, पण ट्रॉली घेऊन रात्रभर रांगेत उभा राहिलेला माणूस छोटा नाही.

शेवटचं, रोजच्या कामात बसवायचं कसं. पहिल्यांदा चालवलं की जुन्या प्रोग्राममध्ये ढीगभर रिपोर्ट येतील, आमच्याकडे एकेचाळीस आले, पण लोकेशन बघून गठ्ठे केले तर त्या फक्त पाच जागा होत्या. एक जागा नीट करायची, परत चालवायचं. पहिल्याच रिपोर्टवर थांबायचं असेल तर ऑप्शन्समध्ये हॉल्ट ऑन एरर एक करा. बाहेरच्या सिरियल लायब्ररीतून दोन रिपोर्ट होते, ती लायब्ररी टीसॅनशिवाय कंपाइल झालेली असल्यामुळे तिच्यातले लॉक त्याला दिसत नव्हते, आधी ती पण सोर्सवरून त्याच फ्लॅगने बनवून बघितली, एक रिपोर्ट गेला, एक राहिला, तो सप्रेशन फाइलमध्ये (दुर्लक्ष करायच्या रिपोर्टची यादी) टाकला आणि वर कॉमेंट लिहिली की का टाकला आणि कधी टाकला. आपल्या स्वतःच्या कोडची ओळ त्या फाइलमध्ये कधीच टाकायची नाही, हे टीममध्ये ठरवून घेतलंय. रिपोर्ट निघाला तर टीसॅन प्रोग्राम ६६ या एक्झिट कोडने बंद करतो, त्यामुळे रात्रीच्या स्क्रिप्टला फक्त तेवढं तपासलं की पुरे. आता रोज रात्री अकराला ऑफिसच्या लिनक्स मशीनवर ती सात गाड्यांची दहा मिनिटं चाळीस वेळा फिरतात, आणि सकाळी आल्यावर पहिले मी तीच ओळ बघतो, आणि चाळीसही फेऱ्यांच्या पावत्या रेकॉर्डिंगमधल्या वजनांशी जुळवून बघणारी दुसरी ओळ तिच्या खालीच असते, कारण रेस कंडिशन फक्त तीच पकडते.